भाऊकाकांचं नाक

आमच्या गिरीज गावात पाहुणा आला की त्याला आधी पाणी विचारतात. भाऊकाका आधी त्याचा वास घेतात. चोरून नव्हे, चांगले डोळे मिटून. मग निकाल देतात, "वडापाव खाऊन आलास. तेल कालचं होतं."

मी त्यांच्या कुंपणापलीकडे राहते, म्हणजे या नाकाच्या टप्प्यातच. काकांनी तीस वर्षं घाटावरच्या एका आडगावात नोकरी केली. तिथे एक देऊळ, एक एसटीचा थांबा आणि व्हिस्कीचा मोठा कारखाना. काकांचं काम पिंपातल्या व्हिस्कीचा वास घेऊन ती तयार झाली की नाही ते सांगायचं. तोंडाला थेंब लावला नाही, असं स्वतः म्हणतात. यावर विश्वास ठेवणारी गावात एकटी काकू होती.

जन्म गिरीजचा, पण "आमच्या गावात" म्हणाले की ते कारखान्याचं गाव समजायचं. तिथली माणसं सरळ, तिथली कुत्रीसुद्धा वेळेवर भुंकायची. इतकं सोन्याचं गाव होतं तर आलात कशाला, असं मी एकदा विचारलंही. दोन दिवस बोलले नाहीत.

पण नाकाला मान होता हो. फणस पिकला का, तूप जुनं का, सगळे काकांकडे. काहीही पुढे ठेवलं की कारखान्यातल्या सवयीने म्हणायचे, "थांब, त्याला जरा श्वास घेऊ दे." पापलेटलासुद्धा तेच. पाचूबंदरची मासेवाली वैतागून म्हणाली, "मेलेला मासा आता कसला श्वास घेनार?"

गेल्या वर्षी दोघं नवराबायको एकाच वेळी तापाने पडली. काका उठले, काकू गेली. त्यानंतर काका चुकायला लागले. कच्चा फणस पास केला, नासलेलं दूध चांगलं ठरवलं. म्हातारा आता प्यायला लागला, असं लोक म्हणाले. खोटं कशाला बोलू, मीही म्हणाले.

परवा कुंपणापलीकडून करपल्याचा वास आला. धावत गेले, तर पातेलं काळं ठिक्कर आणि काका शेजारीच खुर्चीत पेपर वाचत बसलेले. मी गॅस बंद करून तोंड सोडलं. त्यांनी आधी दार लोटलं.

"कुणाला सांगू नकोस. त्या तापात गेलं गं नाक. काहीच येत नाही."

काकांनी कपाटातून काकूचं एक पातळ काढलं, घडी न मोडता माझ्यापुढे धरलं.

"हे धुतलेलं नाही. बघ, तिचा वास आहे का अजून."

मी नाकाशी धरलं. डांबरगोळ्या आणि दमट कपाट, बाकी काही नाही.

"आहे," मी म्हणाले.

"नुसतं आहे नको. कसा आहे, नीट सांग."

"खोबरेल आहे. गजऱ्यातल्या अबोलीला वास नसतो, पण मोगऱ्याचा आहे. पदराला फोडणीचा, लसणीचा."

काका डोळे मिटून ऐकत होते. मान हलवली.

"बरोबर," म्हणाले, आणि पातळ घाईने माझ्या हातातून घेतलं. "बस आता. जास्त उघडं ठेवलं तर उडून जाईल."