व्यंकटरावांची मे महिन्यातली नदी

व्यंकटराव कुणाच्याही घरी गेले की आधी नळाला कान लावतात. चप्पल काढायच्या आधी, "काय म्हणता" म्हणायच्याही आधी. अंगणातल्या नळापाशी उकिडवे बसतात, तोटीला उजवा कान चिकटवतात, डोळे मिटतात आणि जाहीर करतात, "निघालंय. दवाखान्याच्या चौकात आलंय. आठ मिनिटात पोचतंय." आठव्या मिनिटाला नळ खोकतो आणि पाणी येतं.

पुतण्यासाठी मुलगी बघायला औशाला गेले होते तेव्हाची गोष्ट. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, सगळे सावरून बसले, आणि वरपक्षाचा मुख्य माणूसच गायब. शोधलं तर हे परसात नळाला कान लावून बसलेले. आत येऊन एका वाक्यात निकाल दिला, "लाइन चांगली हाय. करून टाका." मुलीकडं त्यांनी अजून पाहिलंही नव्हतं. लग्न झालं, दोघांचं उत्तम चाललंय, आणि व्यंकटराव त्याचं श्रेय पाइपलाइनला देतात.

ते लातुरात तीस वर्षं व्हॉल्वमन होते. पाणी सोडायचं आणि बंद करायचं, एवढंच काम. पण जिथं नळाला रोज पाणी येत नाही तिथं या माणसाचा काय रुबाब असतो ते बाहेरच्याला कळणार नाही. कलेक्टर येतात आणि बदलून जातात, पाणी सोडणारा राहतो. खांद्यावर चार फुटी लोखंडी चावी टाकून व्यंकटराव सायकलवरून निघाले की बायका भांडण अर्धवट सोडून घागरी धुवायला घ्यायच्या. आता रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण भाषा तीच राहिली. जगातली प्रत्येक गोष्ट ते आट्यांत, म्हणजे चावीच्या फेऱ्यांत, मोजतात. वरातीत डीजे कानठळ्या बसवायला लागला की, "दीड आटा बंद कर रे." एकदा माझी बायको माझ्यावर ओरडत होती, तर कुंपणापलीकडून सल्ला आला, "सर, वहिनींचा वॉल पुरा खुललाय. तुम्ही गप ऱ्हावा, लाइन फुटंल."

मला ते सर म्हणतात, कारण मी शाळेत भूगोल शिकवतो. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. ही गोष्ट मी संधी मिळेल तिथं सांगतो, इथंही सांगून घेतली. त्यामुळं गल्लीतले सगळे फॉर्म, सगळ्या नोटिसा आणि इंग्रजीतले सगळे मेसेज माझ्याकडं येतात. ही सहलही तशीच आली.

झालं असं, की तोच पुतण्या बायकोला घेऊन मनालीला गेला आणि तिकडून त्यानं एक व्हिडिओ पाठवला. रबरी होडी, डोक्याला हेल्मेट लावलेली माणसं, आणि खाली पांढरं फेसाळ पाणी दगडांवरून उड्या मारत चाललेलं. घरातल्या सगळ्यांनी नवरानवरीला पाहिलं. व्यंकटरावांनी पाणी पाहिलं. चाळीसेक वेळा पाहून ते फोन घेऊन माझ्याकडं आले.

"सर, हे कुणाच्या पाळीचं पाणी हाय?"

"कुणाच्याच नाही. नदी आहे ती."

"मंग आपल्याला जायचं हाय. गल्लीतले सात-आठ जण काढू. ते होडीवाल्याला फोन लावा."

मी स्पीकरवर फोन लावला. पलीकडं प्रेमसिंग नावाचा गाइड होता. व्यंकटरावांनी आपली निजामाच्या काळातली हिंदी बाहेर काढली.

"हॅलो, मैं व्यंकटराव बोलरा, लातूर से. तुमारा पानी कब छूटता?"

"जी?"

"पानी, पानी. कितने बजे छोडते?"

"चाचाजी, नदी है. चलती रहती है."

"रात को?"

"रात को भी."

व्यंकटरावांनी फोनवर पंजा ठेवला आणि मला हळूच म्हणाले, "येड्यात काढायलाय आपल्याला. रात्रीचं कोण सोडतंय?"

मग तारखेचा विषय निघाला. मी शिकलेला माणूस, मी खात्रीनं सांगितलं की ऑगस्ट धरा. आमच्या मांजरा नदीला पाणी दिसलंच तर तेव्हाच दिसतं. प्रेमसिंग म्हणाला, "अगस्त में तो बंद रहता है जी. बरसात में पानी ज्यादा हो जाता है."

ओट्यावर जमलेल्यांनी एकमेकांकडं पाहिलं. पाणी जास्त झालं म्हणून काम बंद, हे वाक्य आमच्या गल्लीत आजवर कुणी ऐकलं नव्हतं. वरून प्रेमसिंग म्हणाला, मे महिन्यात या, बर्फ वितळतं, नदी भरभरून वाहते.

आता खरं सांगतो. हिमालयातल्या नद्या बारमाही असतात, उन्हाळ्यात बर्फ वितळून त्यांना पाणी येतं, हे मी बी.ए.ला लिहून मार्क मिळवलेत. दरवर्षी पोरांना फळ्यावर लिहून देतो. पण ते खरंच असतं असं मला कधी वाटलं नव्हतं. मे महिन्यात आमच्याकडं नदीत क्रिकेट खेळतात.

गल्लीलाही वाटलं नाही. आधी हौसेनं नावं दिलेले लोक दुसऱ्याच दिवशी टोमणे मारायला लागले. "व्यंकटराव, टँकर इथूनच घेऊन जावा, तिकडं मिळंल न मिळंल." "होडीला चाकं बसवून घ्या हो, वाळूतून ओढायला बरी." तीस वर्षांत पाण्याच्या बाबतीत व्यंकटरावांचा शब्द कुणी खाली पाडला नव्हता. नळ कधी येणार ते सांगणारा माणूस, आणि आता लोक त्याला पाण्यावरूनच हसत होते. ते चार दिवस ओट्यावर आले नाहीत.

पाचव्या दिवशी आले आणि म्हणाले, "लावा फोन त्या पहाडी माणसाला."

प्रेमसिंगनं फोन घेतल्यावर हे म्हणाले, "तू कुछ मत बोल. फोन नदी को लगा."

तो भला माणूस. काठावर गेला असावा. व्यंकटरावांनी फोन उजव्या कानाला दाबला, डोळे मिटले आणि पुरी दहा मिनिटं तसेच बसले. माझा चहा निवला. डोळे उघडले तेव्हा चेहरा वेगळाच होता.

"खरं हाय, सर. हे सोडलेलं पाणी न्हाई. सोडलेल्या पाण्याला मागं शेपूट असतंय, कळतंय कुठं सरणार ते. ह्याला शेपूटच न्हाई."

त्या दिवसापासून मनाली पक्की झाली. मागं हटणं म्हणजे गल्लीपुढं हार, म्हणून तयारीही जोरात सुरू झाली. गाइडच्या हुकमाखाली वल्ही कशी मारायची याची तालीम पाहिजे, असं व्यंकटरावांचं मत. देवणीजवळ माझ्या भावाच्या शेतात शेततळं आहे. आमच्या गल्लीतल्या हमीदभाई पंक्चरवाल्यांनी ट्रॅक्टरच्या चार ट्यूबा दिल्या, त्यावर एक बाज बांधली, वल्ही म्हणून दोन फावडी घेतली. व्यंकटराव बाजेच्या मधोमध उभे राहिले. "उजवीकडचे, एक आटा! डावीकडचे, दोन!" मी एका बाजूला, हमीदभाई दुसऱ्या. बाज जागच्या जागी फिरायला लागली. काठावर माझा भाऊ बैलासारखा हसत होता.

"चचा," हमीदभाई घाबरून ओरडले, "ये गोल गोल घूमरी! नदी को जारे की तेल निकालरे?"

तेवढ्यात फावड्याचं टोक एका ट्यूबला लागलं आणि आम्ही तिघं पाण्यात. तळं छातीइतकंच होतं, पण प्लास्टिकच्या शेवाळलेल्या उतारावरून वर येता येईना. भावानं शेवटी कासरा टाकून आम्हाला एकेक करून ओढून काढलं, म्हशीला काढतात तसं. हमीदभाईंनी बाहेर येताच कानाला हात लावले. "मैं हवा भरनेवाला आदमी, मेरेकु पानी से क्या करना."

असे करत करत सगळे गळाले. राहिलो व्यंकटराव, मी आणि कौसाकाकू. काकू म्हणजे व्यंकटरावांच्या मंडळी. त्या बारीक, काटक आणि तोंडानं तिखट. त्यांना विचारायला मी गेलो, तर म्हणाल्या, "येते की. ह्यांला एकट्याला सोडलं तर त्या नदीला बी चावी लावून येतील."

नांदेडहून अमृतसरच्या गाडीनं अंबाल्यापर्यंत आणि पुढं बसनं आम्ही निघालो. सबंध रेल्वेप्रवासात काकू पुलाखालच्या कोरड्या नद्या दाखवत होत्या. "ही बघा तुमची बारमाही, सर." पूल आला की व्यंकटराव खिडकीकडं पाठ करत. ते घाबरले होते. मला माहीत होतं, कारण मीही घाबरलो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बस एका वळणावरून फिरली आणि खाली नदी दिसली. मे महिना. बियास दोन्ही काठ भरून, राखाडी-हिरवी, गरजत चालली होती. मी भूगोलाचा मास्तर, मी खिडकीतून बाहेर वाकून "अरे आहे की! आहे की!" म्हणून ओरडलो. व्यंकटरावांनी फक्त हात जोडले. काकू म्हणाल्या, "एवढं सगळं नुसतंच चाललंय? कुणी भरून घेत न्हाई?"

होडीत आम्ही तिघं, पंजाबकडचं एक जोडपं आणि मागं प्रेमसिंग. त्यानं लाइफ जॅकेटं कसून बांधली, काकूंच्या अंबाड्यावर हेल्मेट बसेना म्हणून अंबाडा सोडायला लावला. "मैं बोलूँ फॉरवर्ड तो सब चप्पू मारेंगे." पहिल्याच लाटेला तो "फॉरवर्ड" म्हणाला आणि व्यंकटराव वल्हं मांडीवर ठेवून पाण्याकडं बघत बसले. "चाचाजी, मारो!" तो ओरडला. "तू मार," व्यंकटराव म्हणाले, "मेरेकु देखने दे." दुसरी लाट थेट काकूंच्या अंगावर आली. बर्फाचं पाणी. काकूंनी अशी आरोळी ठोकली की पंजाबी बाईनं वल्हंच सोडलं. आणि मग काकू हसायला लागल्या, त्या उतरेपर्यंत थांबल्याच नाहीत.

खाली एका सपाट वाळूवर आम्ही उतरलो. होडी जीपवर चढवून माणसं परत वर न्यायची, असा तिथला रिवाज. काकूंनी जीपमधल्या पिशवीतून शिकेकाईची पुडी काढली. परगावच्या साबणावर त्यांचा विश्वास नाही. "आता भिजलेच हाय, तर डोकं धुऊनच घेते," म्हणाल्या आणि काठच्या उथळ पाण्यात एका दगडावर जाऊन बसल्या.

व्यंकटराव आणि मी वाळूत बसलो. ते तिकडंच बघत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "आमचं घर लाइनीच्या शेवटाला. एकदा सणाच्या दिवशी हिनं केसाला शिकेकाई चोळली, दोन तांबे घेतले आन् पाणी गेलं. मीच बंद केलं होतं. टाइम झालता."

"मग?"

"मंग काय. शेजारी कुणाकडं बी घागरभर शिल्लक न्हाई. दिवसभर तशीच बसली, केस वाळून दोरखंड झालेले. रात्री मला वाढलं, तेव्हा बी काही बोलली न्हाई." ते वाळूत बोट फिरवत राहिले. "बोलली असती तर बरं झालं असतं, सर. वरच्या गल्लीला मी त्या दिवशी दहा मिनिटं जास्त दिलतं. साहेबांच्या घरी पाव्हणे होते."

तेवढ्यात होडी जीपवर चढली. पंजाबी जोडपं आत बसलं. प्रेमसिंगनं हाक मारली, "चलो जी, टाइम हो गया. ऊपर दूसरी पार्टी खड़ी है."

काकूंनी मान खाली घातलेली, केस पुढं सोडलेले, पाणी त्यातून वाहत होतं. त्यांना ऐकू गेलं नाही. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मग पुन्हा, लांब.

व्यंकटराव उठले. ओलं धोतर दोन्ही हातांनी पिळलं, सावकाश चालत गेले आणि जीपच्या पुढ्यात, बॉनेटला पाठ लावून उभे राहिले.

"आंटी को बुलाओ ना, चाचाजी," प्रेमसिंग म्हणाला.

"नाहती वो," व्यंकटराव म्हणाले. "उसका होने दो."