दळवीकाका आणि मागचं चाक

आमच्या सोसायटीत सकाळी तुमची सायकल पार्किंगमध्ये उलटी, चाकं वर करून दिसली, तर घाबरायचं नाही. चोर नसतो. दळवीकाकांनी तपासायला घेतलेली असते.

मी करंजाड्यात भाड्यानं राहतो, काकांच्या घराच्या थेट वरच्या मजल्यावर. मूळचा बार्शीचा, म्हणून काका मला नावानं हाक मारत नाहीत. "ए बार्शी!" काका विमा ऑफिसातनं रिटायर झाले. सगळा जन्म फायलींत गेला, गॅरेजचं तोंड बघितलं नाही. पण कुणाचीही सायकल जड चालतीय असं नुसतं कानावर पडू दे, हातातला चहा कठड्यावर राहतो आणि काका खाली.

पुढच्या चाकात त्यांना काडीचा रस नाही. "पुढचं चाक म्हणजे पुढारी रे. नुसतं वळतं. ओझं ओढतं ते मागचं."

आधी ब्रेक घासतोय का बघायचं. मग चेन उतरवून बाजूला. "संशयितांना एकेक करून बाहेर काढायचं. शेवटी खोलीत राहील तो चोर!" मग चाकाला एक जोरदार फिरकी द्यायची आणि प्लास्टिकच्या स्टुलावर डोळे मिटून बसायचं.

तेवढा वेळ सगळं पार्किंग गप्प होतं. वॉचमन झाडू थांबवतो. चाक फिरत राहतं, आऱ्यांमधनं ऊन झिरपून भिंतीवर पडतं, भिंत पाण्यासारखी हलायला लागते. चाक मंद होतं. हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, चांगला असेल तर ते एकदम थांबत नाही. थोडं पुढं जातं, थोडं मागं येतं, परत पुढं. काका डोळे न उघडता म्हणतात, "आला बघ पाळणा. चांगलं चाक थांबत नाय, झोपी जातं." ते बघताना मला पण डुलकी येते. द्रोणागिरीच्या गोदामात कामाला जायची माझी बस या पाळण्यापायी कितीदा चुकलीय.

एकदा त्यांनी चेअरमनची कोरी गिअरवाली सायकल न विचारता उलटी केली. चेअरमन बनियनवर पळत खाली.

"ओ दळवी! काल घेतलीय मी ती!"

"मग बरं झालं, कोवळ्या वयात सापडलं. कोन टाइट आहे."

"कोण टाइट आहे? ओ, मी सकाळी सकाळी घेत नाय!"

कोन म्हणजे हबच्या दोन्ही बाजूंचे पेच, आतल्या छर्‍यांना धरून ठेवणारे. जास्त आवळले की चाक जड. हे चेअरमनना समजेपर्यंत त्यांच्या टाइट असण्याची बातमी चौथ्या मजल्यावर पोचली होती. काका माणसांनाही हेच माप लावतात. गेट उघडायला उशीर करणारा वॉचमन, "कोन टाइट." कधीच न हसणारा जावई, "ग्रीस वाळलंय."

सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, साठीनंतर सायकल शिकल्या. याच पार्किंगमध्ये, काकांच्या खांद्याला धरून. रोज सकाळी दोघं निघतात. काकू पुढं, काका मागं.

परवा काकू जिन्यात भेटल्या. सोसायटीच्या बायका रविवारी सायकलनं उलव्याच्या खाडीपर्यंत जाणार होत्या. मी विचारलं, "काकू, तयारी झाली का?"

"मी नाय जात रे. पुलापर्यंत गेले तरी मांड्या भरून येतात. वय झालं माझं. सायकल भाचीला देऊन टाकते."

"काकांना दाखवली का पण?"

"दोनदा. सायकल ठणठणीत आहे म्हणतात. तूच बेतानं चालव, म्हणतात."

काका मासे आणायला गेले होते. मी खाली जाऊन काकूंची सायकल उलटी केली. ब्रेक घासत नव्हता. चेन उतरवली. फिरकी दिली. दोन-तीन गिरक्या आणि ठप्प! पाळणा नाही, काही नाही.

"बार्शी! ठेव ती खाली."

मागं काका. हातात बोंबलांची पिशवी.

"काका, कोन केवढे टाइट आहेत! तुमच्या नजरेतनं सुटलं कसं?"

"सुटलं नाय. मीच आवळलेत."

मी हसलो. काका हसले नाहीत. स्टुलावर बसले. पिशवीपाशी मांजर आलं, त्याला हाकललंसुद्धा नाही.

"उतारावर ती सुटली रे एकदा. मी पायडल मारतोय, मारतोय, छातीत दम मावेना. ती वळणापलीकडे गेली. दिसेचना. मग पाव फेरा आवळला. नंतर आणखी पाव. माझ्यासोबत राहील एवढंच."

"पण काका, त्या म्हणतात वय झालं त्यांचं. सायकल भाचीला देणार आहेत."

"असं बोलली?"

"हो."

"मला नाय बोलली."

काका त्या थांबलेल्या चाकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वरून माझे पाने आण. तिनं विचारलं तर सांग, ग्रीस वाळलं होतं."

काकांनी पेच अर्धा फेरा सैल केले. चाक फिरलं, मंदावलं, पुढंमागं झुलायला लागलं. काकांचे डोळे उघडे होते.

रविवारी काकूंनी पहिलं पायडल मारलं आणि सायकल अशी सुळकन गेली की त्याच ओरडल्या, "अगं बाई!" बायका खिदळत पुढं निघाल्या. मागं काका, त्यांच्या मागं मी.

पूल ओलांडला की रस्ता सरळ आहे. दोन्हीकडे खाडीचं पाणी, त्यावर धुकं, धुक्यात बगळे. काकूंची पिवळी ओढणी लहान लहान होत गेली. काका उतरले. सायकल कठड्याला टेकवून रस्त्याकडेच्या दगडावर बसले. मी पाण्याची बाटली पुढं केली, त्यांनी हातानंच नको म्हटलं. श्वास जागेवर येत नव्हता.

तेवढ्यात लांबून काकूंची हाक आली.

"अहो, आहात ना मागं?"

काका उठून उभे राहिले. छाती भरून श्वास घेतला, दोन्ही हात तोंडाशी धरले.

"आहे, आहे! तू वळून बघू नको, पडशील!"