भोयर सरांचे उसने विचार

आमच्या सिंदी मेघेतले भोयर सर "आज लय उकडून राह्यलं" एवढं म्हणाले तरी लगेच पुस्ती जोडतात, "हे माह्यं नाई, सकाळी दूधवाला म्हणे." आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून त्यांचं एकच मत पक्कं झालेलं: कोणाचाच विचार निव्वळ स्वतःचा नसतो. ग्रीकांनी आपल्याकडून घेतलं, आपण ग्रीकांकडून, अरबांनी दोघांकडून अन् युरोपाने अरबांकडून. "शेजारून विरजण आणल्याबिगर दही लागते काय?" असं ते वर विचारतात.

सर एकटेच राहतात. रोज संध्याकाळी सहाला कापडवाले गोपाळशेठ त्यांच्या ओट्यावर भांडायला यायचे. शेठचं म्हणणं, "ज्याचं डोकं त्याचा विचार. मले कोणी शिकवलं नाई." हे वीस वर्षं चाललं. मग शेठ दुकान विकून कायमचे मुलाकडे पुण्याला निघाले, आणि सरांनी हाय खाल्ली. जाण्याआधी शेठनी एकदा तरी "तुमचं बरोबर आहे" म्हणावं, एवढाच ध्यास त्यांनी घेतला.

त्यासाठी त्यांनी नालवाडीच्या वाचनालयात स्वतःचंच व्याख्यान ठरवून घेतलं. शेठ पहिल्या रांगेत. सर उभे राहिले आणि तासभर ठणकावून सांगत सुटले, की खरा विचारवंत एकटाच असतो, त्याला उसनवारी लागत नाही!

शेठना राहवेना. "सर, काहीही काय सांगून राह्यले? भिक्खू अन् ग्रीक राजे कधी बोललेच नाई काय एकमेकांशी?"

मग दोघे हमरीतुमरीवर आले. वीस वर्षं भांडता भांडता त्यांनी कधीच बाजू बदलल्या होत्या, हे सगळ्या सभागृहाला कळलं. त्या दोघांनाच कळलं नाही. अध्यक्ष आभार मानायला दोनदा उठले आणि दोनदा बसले.

शेठ गेल्यावर आठवड्याने सर मला रस्त्यात भेटले. म्हटलं, "सर, जिंकलात की. शेठ तुमचंच बोलत होते."

"कायचं जिंकलो? आता घरात काहीही बोललो तरी नाई म्हणणारं कोणी नाई." मग जरा अजिजीनेच म्हणाले, "उद्या सहाले येजो. मी जे म्हणीन त्याले नाई म्हणजो."

"मला त्यातलं काही कळत नाही, सर."

"शेठले तरी कुठं कळत होतं?"

मी गेलो. सर पावणेसहापासून ओट्यावर बसले होते. त्यांनी चहाचा कप पुढे केला. चहा बिनसाखरेचा होता. मधुमेह शेठना होता, मला नाही. प्रत्येक गोष्टीला नाही म्हणायचं ठरवून गेलो होतो, पण तो चहा मी मुकाट्याने प्यायलो.