छप्पर मात्र वाचलं

कोणतीही वास्तू ऐतिहासिक ठरायची तर एक अट काटेकोरपणे पाळावी लागते: लोकांनी तिथं जाणं आधी बंद केलेलं असावं. लॉस एंजेलिसच्या ‘ऑर्बिटा’ कॉफी शॉपनं ही अट उत्तम रीतीनं पूर्ण केली होती.

माणूस आता चंद्रावर राहायला जाणार, अशी सगळ्यांची खात्री होती त्या काळातलं हे बांधकाम. त्यामुळे छप्पर आभाळाकडे उसळलेलं, भिंतींच्या जागी काचा आणि पाटीवर फिरता तारा. (चंद्रावर जे गेले ते परत आले. तिथं नाश्त्याची सोय नव्हती.)

व्हर्ना ऐन तारुण्यापासून इथं कॉफी वाढत आली होती. मालकानं जागा गादीवाल्याला द्यायची ठरवली. या वयात तिला दुसरीकडे कोण कामावर ठेवणार? आणि रोज स्टुलावर येऊन बसणाऱ्या म्हाताऱ्या ऑर्विलला न मागता कॉफी कोण ओतणार?

शहर ताबडतोब धावून आलं. ‘ऑर्बिटा बचाव’च्या मोर्चानं रस्ता भरून गेला. प्रत्येकाच्या हातात समोरच्या नव्या दुकानातल्या कॉफीचा कागदी पेला होता.

“आत या की! ताजी कॉफी उतरवलीय,” व्हर्नानं दारातून हाक मारली.

“नको हो, आत्ताच घेतली,” एक बाई डोळे पुसत म्हणाल्या. “तुम्ही जरा बाजूला होता का? फोटोत छप्पर पूर्ण येत नाहीये.”

आतून आचारी युसेबियो ओरडला, “अगं व्हर्ना, एवढी गर्दी! पॅनकेकचं पीठ आणखी भिजवू का?”

“राहू दे रे. ही छपराची गिऱ्हाइकं आहेत.”

वारसा मंडळानं सखोल सुनावणी घेतली. छप्पर, तारा, काचा आणि स्टुलांचे स्क्रू यांना कायमचं संरक्षण मिळालं. स्वयंपाकघरातली शेगडी मागाहून बसवलेली निघाल्यानं स्वयंपाकघर मूळ स्वरूपाशी विसंगत ठरलं. (व्हर्नाही मागाहूनच आलेली होती.)

“आणि कॉफी?” तिनं उभं राहून विचारलं.

“बाई,” अध्यक्ष प्रेस्कॉट मायेनं म्हणाले, “कॉफी वास्तूत मोडत नाही. ती हलवता येण्याजोगी वस्तू आहे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कित्येकांना तर रडू आवरेना.

आता ताऱ्याखाली गाद्या विकल्या जातात. वारसा दिनाला व्हर्नाला जुना गणवेश घालून, हातात किटली देऊन उभं करतात. किटली रिकामी असते, गाद्यांवर डाग पडायला नकोत. यंदा ऑर्विल आला. सवयीनं त्यानं हात पुढे केला, तिनं किटली कलती केली.

“पुरे, पुरे,” तो म्हणाला. तिला हुंदका फुटला. तो फोटो फार छान आला.

वाचकहो, तुम्हालाही हळहळ वाटली ना? मंडळ नेमकी तीच मोजतं. तुमच्या कोपऱ्यावरचं जुनं हॉटेलही लवकरच ऐतिहासिक होईल. तिथं तुम्ही शेवटचा चहा कधी प्यायलात, एवढंच अर्जात भरायचं राहिलंय.