नत्थूजींचे पाच झेंडे

आमच्या शेजारचे नत्थूजी कुठलाही झेंडा हातात आला की आधी त्याचा रंग पक्का आहे का ते बघतात. मी भूगोलाची मास्तरीण. उत्तर युरोपातल्या पाच देशांच्या झेंड्यांचा छापील तक्ता मी मोठ्या कौतुकाने त्यांच्यापुढे ठेवला, तर या गृहस्थाने बोटाला थुंकी लावून नॉर्वे घासला! बोट लाल झालं. "रंग सुटते, बाई," म्हणाले आणि तक्ता मला परत केला.

आमच्या पवनी गावात चाळीस वर्षं कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या साड्या विणलेला माणूस. गुडघ्यांनी माग सोडवला, पारखी डोळा मात्र सुटला नाही. लग्नात गेले की नवरीचं तोंड बघायच्या आधी शालूचे काठ बघणार आणि चार माणसांना ऐकू जाईल असं बोलणार, "पावरलूमचा हाय." एकदा तर नवरीची आई रडायच्या बेतात आली होती.

अशा माणसाला सत्तरीत परदेशी झेंडे कशाला हवेत? तर नातीसाठी. मुलगा प्रमोद नॉर्वेत नोकरीला, सून केरळची. घरात इंग्रजी, शाळेत तिकडची भाषा. सात वर्षांच्या ईराच्या वाट्याला मराठी आली ती पानातल्या चटणीएवढी. दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल. "आजोबा, जेवलात?" "जेवलो माय, तू?" "हो." झालं, फोन बापाच्या हातात. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, गेल्यापासून त्या घरात दुसरं बोलणारं कोणी नाही, म्हणून हा दोन मिनिटांचा फोन त्यांना आठवडाभर पुरवावा लागायचा.

मग एका रविवारी ईराने शाळेत रंगवलेले नॉर्वे धरून आजूबाजूच्या पाच देशांचे झेंडे दाखवले आणि विचारलं, "कोणता?" नत्थूजींना एकही आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात.

"बाई, मले हे पाच झेंडे शिकवून द्या. पोरगी इचारून राहिली अन् मी नुसता पाहून राहिलो."

मी शिकवायला बसले, तर पहिल्याच झेंड्यावरच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या फुलीला ते अडले. "हा उभा पट्टा मधात काहून नाही? इणणाऱ्याचा हात सरकला वाटते."

"अहो, तो तसाच असतो. पाचही देशांचा तसाच आहे."

"म्हंजे एकानं चुकवलं अन् चौघांनी नक्कल मारली! आमच्या इकडे असं थान व्यापारी वापस पाठवते."

मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगते, पुढे त्यांनी माझ्या तक्त्याची लाज काढली. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांवर उभे-आडवे रंगीत धागे गुंडाळले आणि पाच झेंडे तयार केले. साडीचा नवा काठ ठरवताना असाच नमुना करतात म्हणे. डेन्मार्क म्हणजे लाल लुगडं, पांढरा पट्टा. स्वीडन म्हणजे निळं लुगडं, हळदीचा पट्टा. फिनलंड हे धुतलेलं धोतर, निळा पट्टा. लाल लुगड्यावर पांढऱ्या किनारीचा निळा पट्टा आला की नॉर्वे, आणि त्याचंच लाल-निळं उलटं केलं की आइसलंड. आठ दिवसांत पाचही पाठ. मी उलटसुलट विचारलं, झोपेतून उठवल्यासारखं अचानक विचारलं, माणूस चुकेना. वर्गातली पोरं असं शिकती तर मी पेढे वाटले असते!

दोन रविवार पाचपैकी पाच. तिसऱ्या रविवारी मी मुद्दाम शेजारी जाऊन बसले, मास्तरणीचा मान घ्यायला. ईराने आइसलंड धरला. नत्थूजींनी चष्मा वर-खाली केला आणि ठणकावून सांगितलं, "नॉर्वे!"

मी बाजूने हातवारे केले, खोकले. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

"नाही आजोबा!" ईरा ओरडली. "नॉर्वे माझा! नॉर्वे बाहेर लाल आहे. हा बाहेर... बाबा, ब्लूला काय? हा बाहेर निळा आहे. लाल आत आहे. बघा ना!"

"अन् पांढरा कुठी हाय माय?"

"पांढरा... लालच्या बाजूला. इकडे पण, इकडे पण. तुम्ही नीट बघा!"

अर्धा तास चाललं. फोन ठेवल्यावर मी भडकलेच. "अहो, आठ दिवस घसा कोरडा केला मी! आइसलंड तुम्हाला झोपेत येतो."

"येते ना," ते शांतपणे म्हणाले. "पण बरोबर सांगतलं का पोरगी 'करेक्ट' म्हणते अन् बापाजवळ फोन देते. चुकलो का मले समजावून सांगते. मराठीत सांगते, बाई. बापाले इचारू इचारू सांगते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पाचपैकी पाच मोजत बसले होते मी, मला माझीच लाज वाटली. डोळे पुसून मी म्हटलं, "मग पुढच्या रविवारी फिनलंड चुका."

नत्थूजींनी मान हलवली.

"नाही जमत. त्यात दोनच रंग हाय. लवकर संपते."