वीस आकडी स्थळ

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले दिगंबरराव मुलीला स्थळ आलं की पत्रिका मागत नाहीत, मुलाचा मोबाइल नंबर मागतात. फोन करायला नव्हे. मुलाचे दहा आकडे, त्यापुढे लेकीचे, म्हणजे स्वातीचे, दहा असे लिहितात आणि त्या वीस आकडी संख्येला कशाने भाग जातो ते शोधत बसतात. गेला तर स्थळ चांगलं. कशानेच गेला नाही तर ती मूळ संख्या. "असल्या घरात कुणी कुणाला वाटून खात नसतं, राव."

माणूस चाकणच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात. अठ्ठावीस वर्षं पार्टवरचे नंबर वाचून डोक्याला तीच खोड लागलेली. रहाटणीच्या सिग्नलला पुढच्या ट्रकचा नंबर दिसला की हिरवा लागायच्या आत "तेराने जातो" म्हणून मोकळे. माझ्या नव्या गाडीचा नंबर मूळ निघाला, तेव्हा त्यांनी खांद्यावर हात ठेवून माझं सांत्वन केलं होतं.

त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. घरात बाप-लेक दोघंच. आणि स्वातीने पुनावळ्याचा एक मुलगा स्वतःच पसंत केला. दिगंबररावांनी वही उघडली.

एक आठवडा गेला. दोन गेले. तीन गेले. "शेवटी सात आहे, म्हणजे दोन आणि पाच बाद," हे पहिल्या दिवशी. "चारशे एकपर्यंत आलोय, अजून दाद देत नाही," हे काल, कंपनीच्या बसमधून उतरताना. तिकडे मुलाच्या आईचा निरोप आला : रविवारपर्यंत सांगा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो.

स्वाती आमच्याकडे येऊन रडायला लागली. माझी बायको मेथी निवडत होती. तिने दोन्ही नंबर विचारले आणि बोटांवर आकड्यांची बेरीज केली.

"नव्याण्णव. बेरजेला नऊने भाग जातो, म्हणजे संख्येलाही जातो. शाळेतलं गणित आहे हो."

मी तडक समोर गेलो. "दिगंबरराव, नऊने जातो."

ते वहीतून वर बघेनात. "पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग तीन आठवडे काय मांडलंय हे?"

"भाग गेला म्हटलं की ते लोक लग्नाची तारीख काढायला बसणार, राव."

वही मिटून ते उठले, तोंड धुतलं, शर्ट बदलला आणि आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"स्वाती, नऊने गेला गं. आत्ताच."

माझी बायको तोंड उघडणार, तेवढ्यात मी तिच्यापुढची मेथी ओढून निवडायला बसलो.

स्वातीने डोळे पुसले. "एवढे दिवस लागले, बाबा?"

"मोठी संख्या होती, बाळा."