ओ देणाऱ्या कड्याबाबत

अर्जदार : बारकू नामदेव ठोंबरे ऊर्फ बारकू आबा, निवृत्त रेल्वे गँगमन, राहणार वडिवळे, तालुका मावळ.
सामनेवाले : कड्यासमोरचे पठार विकत घेणारे पुण्याचे एक साहेब. नाव लिहिण्यास अर्जदाराचीच हरकत, कारण "मानूस वाईट न्हाई".
तारीख : अर्जदाराच्या शब्दांत, "भात लावून झाल्यावरचा पयला बुधवार".
साक्षीदार क्रमांक एक : अस्मादिक. क्रमांक दोन : पठारावरचा वॉचमन. क्रमांक तीन : सदर कडा. सही करता येत नाही, मात्र विचारल्यास बोलतो.
मागणी : सदर कड्याचे नाव जगातील नैसर्गिक आश्चर्यांच्या यादीत चढवावे.

वाचकहो, गेली बावीस वर्षे मी वडगावात तहसील कचेरीसमोर टेबल टाकून लोकांची गाऱ्हाणी योग्य भाषेत मांडत आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीत गणिताशी माझे मतभेद झाले. तथापि, 'तथापि' हा शब्द जागच्या जागी वापरणारा दुसरा माणूस या तालुक्यात नाही, हे कचेरीतले शिपाईही मान्य करतात.

अशा माझ्यापुढे बारकू आबा प्रथम आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही. टेबलापासून दहा पावलांवर उभे राहून त्यांनी "ओऽऽऽ!" अशी आरोळी ठोकली. रांगेतल्या दोन म्हाताऱ्या दचकल्या. झाडावरचे कावळे उडाले. मी मान वर करून "काय?" म्हटले, तेव्हा कुठे ते समाधानाने बाकावर टेकले.

"हितं ओ मिळतीय," ते म्हणाले. "मंग लिवा अर्ज."

ही माझी परीक्षा होती, हे मला नंतर समजले. आबांची सारी नोकरी घाटात रुळांवर "गाडी आलीऽऽ, बाजूला व्हा!" असे ओरडण्यात गेली. "रुळावर ज्यानं ओ दिली न्हाई," ते सांगतात, "तो बहिरा, न्हाईतर गेल्याला." त्यामुळे जगातील यच्चयावत वस्तू ते एकाच मापाने मोजतात : हाक मारली तर ओ देतंय का? बँक देत नाही. मुलगा नवलाख उंबऱ्याला कंपनीत आहे. त्याला फोन लावला की एक बाई इंग्रजीत बोलते. "ती ओ न्हाई," आबा म्हणतात. "ती निस्ती बडबड."

ओ देतो तो त्यांच्या घरामागचा कडा. पठाराच्या काठावर एक सपाट खडक आहे. त्यावर उभे राहून समोरच्या कड्याला हाक मारली, की ती चार वेळा परत येते. खडकावरून दोन पावले सरकले तर कडा मुका. आता साहेबांनी पठाराभोवती तारेचे कुंपण घातले होते, खडक आत गेला होता, आणि येत्या एक तारखेपासून फाटकाला कुलूप लागणार होते. आबांना ते थांबवायचे होते. कड्याला जागतिक आश्चर्याचा दर्जा मिळाला की साहेबांचे हात बांधले जातील, अशी त्यांची अटकळ होती.

त्यासाठी त्यांनी कसून अभ्यास केला होता. कामशेतच्या खताच्या दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरावर जगातली नैसर्गिक आश्चर्ये छापली होती. ते कॅलेंडर माझ्या टेबलावर पसरून त्यांनी एकेकाची उलटतपासणी घेतली. खालची माहिती मी वाचून दाखवी आणि आबा निकाल देत.

एव्हरेस्ट. "लय उंच. मान दुखती. वर जाऊन मानूस करतो काय? फोटू काढतो अन् खाली येतो. ते तर लोनावळ्यातबी करत्यात."

उत्तर ध्रुवाकडचा प्रकाश. "उजेड हाय, पर हिरवा. ट्यूब जाताना आसाच हुतो."

ऑस्ट्रेलियाजवळची प्रवाळांची रांग इवल्या जीवांनी बांधली आहे, हे त्यांनी मला दोनदा वाचायला लावले. "टेंडर न्हवतं म्हनून पुरं झालं," असे म्हणून त्यांनी तिला निम्मे गुण दिले. अमेरिकेतली महादरी नदीने लाखो वर्षे कोरली, यावर त्यांचे मत : "तलाठ्याकडनं उतारा काढायचा तर तेवढाच येळ लागतो."

मेक्सिकोत एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतातून ज्वालामुखी निघाला आणि बघता बघता त्याचा डोंगर झाला, हे वाचल्यावर मात्र आबा उठून उभे राहिले.

"मक्यातनं डोंगर?"

"होय, आबा."

"मंग सातबारा कुनाच्या नावावर?"

मी कॅलेंडर उलटवून मागच्या बाजूस सातबारा शोधू लागलो. माझ्या कारकिर्दीत असे क्वचितच घडते.

नायगारा धबधब्यावर त्यांचा विशेष राग होता. "एवढा आरडतो, पर ऐकतो का? सवताच बोलत बसतो. आमच्या सरपंचावानी."

प्रतिस्पर्ध्यांची जातीने पाहणी करावी म्हणून ते एका रविवारी लोणावळ्यालाही जाऊन आले. दरीच्या काठावर, गर्दीत उभे राहून त्यांनी "ओऽऽऽ!" केले. मागून कणीसवाला म्हणाला, "किती देऊ, आबा? मीठ-लिंबू लावू का?" आबांनी मला अहवाल दिला, "लोनावळ्यात डोंगराच्या आदी कनीसवाला ओ देतोय. ते आश्चर्य बाद धरा."

अर्जाचे पाच मसुदे झाले. प्रत्येक मसुदा ऐकून आबा म्हणत, "ब्येस हाय, पर कड्याचा आवाज त्यात आला न्हाई." शेवटी, प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लिहिणे माझ्या तत्त्वात बसत नसल्याचे मी जाहीर केले आणि उपरोक्त बुधवारी स्थळपाहणीस गेलो.

फाटकावर सुदुंबऱ्याचा वॉचमन होता. "आलं का आबा? पावनं बी आनलं? आज डोंगराच्या घरी बैठक दिसतीया," तो म्हणाला आणि त्याने फाटक ढकलले. "एक तारखेपतुर या बाबा. म्होरं किल्ली सायबाकडं."

आबांनी मला खडकावर उभे केले. "मारा हाक."

काय म्हणावे, हा प्रश्न पडला. प्रसंग औपचारिक होता. मी घसा साफ केला, शर्टाचे वरचे बटण लावले आणि ओरडलो, "अर्ज सादर आहेऽऽ!"

कडा म्हणाला, "सादर आहे... दर आहे... आहे... हे..."

वाचकहो, बावीस वर्षांत माझ्या अर्जाची पोच इतक्या त्वरेने कोणी दिली नव्हती. मी आणखी तीन वेळा अर्ज सादर केला. वॉचमन फाटकाला धरून हसत होता, पण मी तिकडे दुर्लक्ष केले.

एवढ्यात आबांनी घड्याळ पाहिले. बारा वाजले होते. "आता सरका," म्हणत त्यांनी मला खाली उतरवले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि गाडीची सूचना देणाऱ्या त्या आवाजात हाक मारली :

"अवोऽऽ, जेवाय याऽऽ!"

कड्याकडून हाक परत आली. आबांचा आवाज जाताना जाडाभरडा होता. येताना तो बारीक झाला होता. "जेवाय या... वाय या... या... या..."

"आलो, आलो," आबा हळूच म्हणाले, टोपी घालून खडकावरून उतरले आणि घराकडे चालू लागले.

वॉचमन आता हसत नव्हता. मी आबांना गाठले. "आबा, हे काय?"

त्यांनी चालता चालताच खाली धरणाकडे बोट दाखवले. मग म्हणाले, "रजा आसली की मी खाली धरनाकडंच्या वावरात आसायचो. ही ह्या खडकावनं हाक मारायची. नाव घेत न्हवती, अवो म्हनायची. तिची हाक कड्याला लागून खाली यायची. चार बारीला आली की मी काय करनार? उठायलाच लागायचं. आता सून सकाळी ताट वाढून, झाकून कामाला जाती. गुनाची हाय. पर मानूस बिनबोलावता जेवाय बसंल का? घास उतरत न्हाई."

"हे पाच मसुद्यांत एकदाही सांगितले नाहीत?"

"सायबाला काय सांगू, मेल्याली बायकू हाक मारती म्हनून? हसतील. जगातलं आश्चर्य म्हनलं की कुनी कुंपन घालत न्हाई."

"नायगाऱ्यालाही कठडे आहेत, आबा."

"कठडा येगळा, कुलूप येगळं."

हे मी अर्जात लिहू का, असे विचारले. त्यांनी विचार करून होकार दिला. "पर तिचं नाव नगं. तिनं माझं कदी घेतलं न्हाई. मीबी तिचं कागदावर घेत न्हाई."

सबब, सहावा व अंतिम मसुदा येणेप्रमाणे :

जागतिक यादीत नाव चढवण्याची मागणी अर्जदार या अर्जान्वये मागे घेत आहे. नायगाऱ्यास त्याची जागा लखलाभ असो. सामनेवाले साहेबांनी फाटकास कुलूप अवश्य लावावे. तथापि, कुंपणात एक म्हातारा माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट ठेवावी. अर्जदार रोज दुपारी बारा वाजता येईल, एकच हाक मारील, आणि "आलो" म्हणून निघून जाईल.

या अर्जाचे उत्तर एक तारखेस दुपारी बाराच्या आत मिळावे, ही नम्र विनंती. ताट त्या दिवशीही वाढलेले असेल.